युद्धाचा पैसा तोडायचा, तर तारीख कोणत्या विधेयकात?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिका कुठल्याशा युद्धात अडकली आणि तिथल्याच लोकांना ते नकोसे झाले, की आपल्याकडच्या चर्चांत एक वाक्य हमखास येते : तिजोरीच्या किल्ल्या अमेरिकी काँग्रेसकडे आहेत, तिने पैसा बंद केला की युद्ध थांबेल. वाक्य खोटे नाही, पण अर्धवट आहे. त्याच्या भरवशावर राहिलेल्या युद्धविरोधकांची वर्षेच्या वर्षे वाया गेली आहेत. पैसा कोणत्या विधेयकातून तोडायचा, कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या शब्दांत, हे तिन्ही जमले तरच बंदुका थांबतात. १९७३ च्या उन्हाळ्यात ते जमले आणि कंबोडियावरची अमेरिकी बॉम्बफेक बंद पडली. २००७ मध्ये जमले नाही आणि इराकमधले युद्ध चालूच राहिले. या दोन्ही वेळी नेमके काय झाले, ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र.

आधी आपल्या वाचकाचा होणारा एक गोंधळ. आपल्याकडे सरकारच्या एकत्रित निधीतून कायद्याने विनियोजन, म्हणजे खर्चाची मंजुरी, झाल्याशिवाय पैसा निघत नाही. राज्यघटनेच्या ११४ आणि २६६ या कलमांत ते स्पष्ट आहे. पण लोकसभेने संरक्षण खात्याची मागणी फेटाळली किंवा त्यावरची कपात सूचना मंजूर केली, तर आपल्याकडे सरकारच गडगडते. त्यामुळे 'सरकार राहू दे, फक्त युद्ध बंद कर' असे सांगण्याची सोय आपल्या पद्धतीत जवळजवळ नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष चार वर्षांसाठी बसलेला असतो. त्याला न हलवता त्याच्या हातून युद्ध काढून घ्यायचे असते, आणि त्यासाठी जो कायदा करायचा त्यावर सही त्याचीच लागते. त्याने नकाराधिकार वापरला, तर प्रतिनिधिगृह आणि सिनेट दोन्हीकडे दोन तृतीयांश मते हवीत. लोकांना युद्ध कितीही नकोसे झाले तरी ही मते सहसा जमत नाहीत. १९८३ मध्ये चढ्ढा खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने, राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना काँग्रेसने केलेल्या ठरावाला कायद्याचे बळ नाही असे ठरवले, तेव्हापासून तर ही वाट आणखी अरुंद झाली. २०१९ मध्ये येमेनमधल्या युद्धातून अंग काढून घेण्याचा ठराव दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, ट्रम्प यांनी तो नाकारला, आणि तो नकार मोडण्यासाठी सिनेटमध्ये मते पडली ५३ विरुद्ध ४५. बहुमत होते, पण उपयोग शून्य.

मग तिजोरीची किल्ली कुठे लागते? अमेरिकी राज्यघटनेत लष्करासाठीची तरतूद दोन वर्षांहून अधिक काळासाठी करता येत नाही. म्हणजे राष्ट्राध्यक्षाला पुन्हापुन्हा काँग्रेसच्या दारात यावेच लागते. बंदी घालायला दोन तृतीयांश मते लागतात, पण पैसा न द्यायला एका सभागृहाचे साधे बहुमत पुरते. कौशल्य आहे ते या दोन गोष्टींची मोट बांधण्यात : युद्धबंदीचे कलम अशा विधेयकाला जोडायचे, की ज्याच्यावाचून राष्ट्राध्यक्षाचे सरकार चालणार नाही, आणि तेही आर्थिक वर्ष संपायला दोन-चार दिवस उरलेले असताना. आपल्या सरकारी कचेऱ्यांतली मार्चअखेर ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या दिवसांचे वजन सांगायला नको. १९७६ पर्यंत अमेरिकेची मार्चअखेर ३० जूनला असे. आता ती ३० सप्टेंबरला असते.

१९७३ चा घटनाक्रम बारकाईने पाहण्यासारखा आहे. २७ जानेवारीला व्हिएतनाममधल्या युद्धविरामाचा पॅरिस करार झाला, २९ मार्चपर्यंत व्हिएतनाममधले शेवटचे लढाऊ सैन्य परतले. कंबोडियावर मात्र बी-५२ विमानांचा मारा सुरूच होता. फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात तिथे अडीच लाख टनांहून अधिक बॉम्ब पडले. कंबोडियाबद्दल कायदा आधीपासून होता. सिनेटर कूपर आणि चर्च यांची दुरुस्ती १९७१ च्या जानेवारीत अमलात आली होती. पण ती अडवत होती जमिनीवरच्या लढाऊ तुकड्यांना आणि लष्करी सल्लागारांना. विमानांबद्दल तिच्यात अक्षर नव्हते. म्हणून युद्ध जमिनीवरून उचलून आकाशात नेले गेले. (हेच फ्रँक चर्च १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या अत्याचारांनंतर पाकिस्तानची लष्करी मदत तोडण्याच्या दुरुस्तीत विल्यम सॅक्सबी यांच्याबरोबर होते. सॅक्सबी पुढे भारतात राजदूत म्हणून आले.)

१९७३ च्या वसंतात पेंटॅगॉनचा, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याचा, पैसा कमी पडू लागला. एका खात्यातले ४३ कोटी डॉलर दुसऱ्या खात्यात वळवण्याची परवानगी त्याने पुरवणी विधेयकात मागितली. आपण ज्याला पुनर्विनियोजन म्हणतो तेच हे. १० मे रोजी न्यूयॉर्कचे प्रतिनिधी जोसेफ अडाबो यांच्या दुरुस्तीने ही परवानगी २१९ विरुद्ध १८८ मतांनी नाकारली गेली. त्याच दिवशी क्लॅरेन्स लाँग यांची दुसरी दुरुस्ती २२४ विरुद्ध १७२ मतांनी मंजूर झाली : या विधेयकातला पैसा कंबोडियात लढाईसाठी वापरायचा नाही. इतकी वर्षे युद्धाच्या प्रत्येक मागणीला मान डोलावणाऱ्या प्रतिनिधिगृहाने पहिल्यांदाच हात आखडता घेतला होता. तरीही या दोन्ही दुरुस्त्यांनी बॉम्बफेक थांबली नसती. पेंटॅगॉनच्या पोतडीत आधीच्या कायद्यांनी दिलेला पैसा शिल्लक होता, आणि 'या विधेयकातला पैसा' असे म्हटले की जुन्या पैशाला वाट मोकळीच राहते.

ही भोकाची जागा मिसुरीचे सिनेटर टॉमस ईगलटन यांनी बुजवली. ३१ मे रोजी ६३ विरुद्ध १९ मतांनी मंजूर झालेल्या त्यांच्या दुरुस्तीचा आशय असा : या कायद्याने दिलेला, किंवा यापूर्वी कोणत्याही कायद्याने दिलेला कोणताही निधी कंबोडियात, कंबोडियावरून किंवा तिच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रातून, तसेच लाओसमध्ये वा लाओसवरून लढाईसाठी वापरता येणार नाही. 'यापूर्वी कोणत्याही कायद्याने' हे शब्द म्हणजे या सगळ्या लढ्याचा कणा. २५ जूनला प्रतिनिधिगृहात ही बंदी १ सप्टेंबरपर्यंत लांबवण्याचा प्रस्ताव २०४ विरुद्ध २०४ अशा समसमान मतांनी पडला आणि ईगलटन यांचे शब्द जसेच्या तसे स्वीकारले गेले. २७ जूनला निक्सन यांनी विधेयक नाकारले. त्याच दिवशी नकाराधिकार मोडण्याचा प्रयत्न झाला : २४१ विरुद्ध १७३, दोन तृतीयांशाला ३५ मते कमी.

बहुतेक वेळा गोष्ट इथेच संपते. त्या वर्षी ती संपली नाही, याचे कारण कॅलेंडर. तीन दिवसांनी आर्थिक वर्ष संपत होते. १ जुलैपासून खात्यांना पैसा मिळण्यासाठी तात्पुरत्या तरतुदीचा ठराव लागणार होता; तो आपल्या लेखानुदानासारखाच असतो. सरकारच्या कर्जमर्यादेची मुदतही त्याच रात्री संपत होती. सिनेटने तीच बंदी कर्जमर्यादेच्या विधेयकाला जोडली, आणि बहुमताचे नेते माइक मॅन्सफिल्ड यांनी बजावले, की एक विधेयक नाकारले तर ही अट पुढच्याला लागेल, ते नाकारले तर त्याच्या पुढच्याला. त्याच आठवड्यात निक्सन यांचे माजी कायदेविषयक सल्लागार जॉन डीन वॉटरगेट प्रकरणाची चौकशी करणाऱ्या समितीपुढे साक्ष देत होते. राष्ट्राध्यक्षाची पत घसरलेली होती हे खरे, पण निव्वळ पत घसरल्याने कुणी बॉम्बफेक थांबवत नाही. समोर असे विधेयक होते, जे नाकारले तर स्वतःचेच सरकार ठप्प होणार होते.

२९ जूनला तडजोड झाली. सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष फुलब्राइट यांनी १५ ऑगस्ट ही तारीख पुढे केली. प्रतिनिधिगृहात रिपब्लिकन नेते जेराल्ड फोर्ड यांनी सांगितले, की राष्ट्राध्यक्षांना ही तारीख मान्य आहे. सदस्यांचा विश्वास बसेना, तेव्हा फोर्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्लेमेंटीला निक्सन यांना फोन लावला आणि परत येऊन तसे ठामपणे सांगितले. बंदी आता कंबोडिया आणि लाओसपुरती उरली नव्हती, उत्तर आणि दक्षिण व्हिएतनामही तिच्यात आले. १ जुलैला निक्सन यांनी ही बंदी असलेल्या दोन्ही विधेयकांवर, म्हणजे पुरवणी विधेयकावर आणि तात्पुरत्या तरतुदीवर, सही केली.

या तडजोडीने युद्ध संपले, म्हणून तिचे गोडवे गायले जातात. पण ती ४५ दिवसांची सवलत फार महाग पडली, आणि हे मला आवर्जून लिहायचे आहे. ब्रुकलिनच्या प्रतिनिधी एलिझाबेथ होल्ट्झमन यांनी काही हवाई दल अधिकाऱ्यांसह न्यायालयात दाद मागितली होती. २५ जुलैला न्यायाधीश ऑरिन जड यांनी बॉम्बफेक बेकायदा ठरवली. वरच्या न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. सर्वोच्च न्यायालयाला सुट्टी होती. न्यायमूर्ती डग्लस यांनी ४ ऑगस्टला स्थगिती उठवली आणि त्याच दिवशी न्यायमूर्ती मार्शल यांनी इतर न्यायमूर्तींच्या संमतीने ती पुन्हा लागू केली. ८ ऑगस्टला अपील न्यायालयाने होल्ट्झमन यांच्या विरोधात निकाल दिला. त्यातला एक मुद्दा असा : १५ ऑगस्टपासून बंदी घालताना काँग्रेसने १५ ऑगस्टपर्यंतची बॉम्बफेक मान्यच केली आहे. ज्यांनी बंदीसाठी जिवाचे रान केले, त्यांचीच तारीख बॉम्ब टाकण्याचा परवाना म्हणून वाचली गेली.

दरम्यान ६ ऑगस्टला नेआक लुआँग. मेकाँगच्या काठचे हे गाव अमेरिकेच्या मित्र सरकारच्या ताब्यात होते. विमानांना दिशा दाखवणारा रेडिओ दीप गावातच बसवलेला होता. बी-५२ च्या कर्मचाऱ्यांनी या दीपापासून लक्ष्य किती अंतरावर आहे ते यंत्राला सांगणारा स्विच फिरवायचा असतो. तो फिरवायचा राहून गेला, तेव्हा यंत्राने दीपालाच लक्ष्य मानले आणि विमानातला सगळा साठा गावावर पडला. १३७ माणसे मेली, २६८ जखमी झाली. बंदी लागू व्हायला नऊ दिवस उरले होते.

म्हणून ज्यांना अशा तरतुदीसाठी झगडायचे आहे त्यांना माझे सांगणे आहे : तारीख जितकी लांब, तितका काळ तुम्ही युद्धाला संमती दिली असे न्यायालय धरणार. सैन्य सुखरूप परत आणायला जितका वेळ लागतो तितकाच द्या, आणि तोपर्यंतची लढाई आम्ही मंजूर केलेली नाही, हे त्याच कलमात लिहून ठेवा. विनाअट दिलेला पैसाही असाच गळ्यात येतो. १९७१ मध्ये ऑर्लँडो खटल्यात अपील न्यायालयाने म्हटले, की काँग्रेसने व्हिएतनामसाठी वर्षानुवर्षे पैसा दिला आणि सक्तीच्या सैन्यभरतीची मुदत वाढवली, हीच युद्धाला दिलेली संमती. व्हिएतनाममध्ये बळ वापरायची मुभा देणारा टोंकिनच्या आखाताचा १९६४ चा ठराव रद्द होऊन तेव्हा काही महिनेच झाले होते. पुढे १९७३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षाच्या युद्ध करण्याच्या अधिकाराला मर्यादा घालणारा युद्धाधिकार ठराव करताना, नुसत्या आर्थिक तरतुदीतून संमतीचा अर्थ काढू नये, असे खास कलम त्यात घालावे लागले.

आता शब्दांकडे. १ जुलैच्या तात्पुरत्या तरतुदीतले १०८ वे कलम मी या प्रकारातला नमुना मानतो, कारण पैसा ज्या ज्या खोबणीत लपतो त्या सगळ्या त्यात बुजवल्या आहेत. सुरुवातीलाच आहे 'इतर कोणत्याही कायद्यात काहीही म्हटलेले असले तरी'. हे नसते, तर लष्कराने १८६१ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेतला असता. सैनिकांचे कपडे, अन्न, इंधन, निवारा, वाहतूक, औषधे यांची खरेदी तरतूद नसतानाही उधारीवर करण्याची मुभा तो देतो आणि व्हिएतनामच्या काळात तो वापरलाही गेला होता. पुढे येते 'दायित्व निर्माण करणे किंवा खर्च करणे'. हे दोन निराळे टप्पे आहेत. ठेकेदाराशी करार झाला की दायित्व तयार होते. धनादेश निघतो तो महिन्यांनंतर. फक्त खर्चावर बंदी घातली, तर करार होत राहतात आणि वर्षभराने 'देणे थकले आहे' म्हणून तेच बिल काँग्रेससमोर येते. फक्त दायित्वावर बंदी घातली, तर जुन्या करारांची बिले फिटत राहतात आणि तेवढ्यावर युद्ध चालते. नंतर 'प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष', नंतर 'मध्ये, वरून, किनाऱ्यालगतच्या समुद्रातून'. समुद्र घातला नाही तर विमानवाहू नौका मोकळ्या राहतात. १०८ व्या कलमात एकच गोष्ट राहिली होती, ती म्हणजे पुढे मंजूर होणारा पैसा. सिनेटर क्लिफर्ड केस आणि फ्रँक चर्च यांच्या कलमाने त्याच वर्षी ऑक्टोबरात तीही झाकली.

पैसा न देणे आणि पैसा वापरायला मनाई करणे, यांतला फरकही नीट लक्षात घ्यायला हवा. बॉम्ब आणि विमाने आधीच्या वर्षांत खरेदी होऊन गोदामात पडलेली असतात. खरेदीसाठी दिलेला पैसा तीन वर्षे वापरता येतो, जहाजांचा पाच वर्षे. तेव्हा नवा पैसा रोखला तरी साठ्यावर युद्ध बराच काळ रेटता येते. 'कोणताही निधी या कामासाठी वापरू नये' अशी मनाई असेल, तर मात्र वैमानिकाचा त्या दिवसाचा पगार आणि विमानात भरलेले तेलही बेकायदा ठरते. आणि तरतुदीबाहेर खर्च करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला अमेरिकी कायद्यात ५ हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद आहे. जनरल लोक अशी मनाई पाळतात त्यामागे हेही आहे.

याच कारणाने, अंदाजपत्रक वेळेत मंजूर झाले नाही आणि सरकार बंद पडले की युद्धही थांबेल, ही समजूत चुकीची आहे. अशा वेळी उद्याने आणि कचेऱ्या बंद होतात. सैनिक 'अत्यावश्यक' ठरतात, ते कामावर राहतात आणि पगार मागाहून मिळतो.

२००७ मध्ये कुठे चुकले ते आता सहज दिसेल. काँग्रेसने इराक-अफगाणिस्तानसाठी सुमारे १२४ अब्ज डॉलरच्या पुरवणी विधेयकात माघारीची तारीख घातली. प्रतिनिधिगृहात २१८ विरुद्ध २०८, सिनेटमध्ये ५१ विरुद्ध ४६. माघार १ ऑक्टोबरपर्यंत सुरू करायची, ती १८० दिवसांत पूर्ण करणे मात्र फक्त 'उद्दिष्ट' म्हणून लिहिलेले. बंधन नसलेल्या तारखेसाठी एवढी मोठी लढाई करण्यात अर्थ नव्हता. विधेयकाची वेळही चुकली. एप्रिल-मे म्हणजे आर्थिक वर्षाचा मधला काळ. राष्ट्राध्यक्षाच्या हातात नियमित अंदाजपत्रकाचा पैसा होता. जुलै ते सप्टेंबरच्या पगारासाठी ठेवलेली रक्कम एप्रिलमध्ये पडूनच असते. नौदल आणि हवाई दलाच्या पगार खात्यातून ती लष्कराच्या खर्चाकडे वळवण्याची तयारी पेंटॅगॉनने केली. म्हणजे घाई काँग्रेसला होती, राष्ट्राध्यक्षाला नव्हती. १ मे रोजी बुश यांनी विधेयक नाकारले. दुसऱ्या दिवशी नकाराधिकार मोडायला मते पडली २२२ विरुद्ध २०३. इथवर सगळे १९७३ सारखेच. पण मॅन्सफिल्ड यांनी जे केले ते या वेळी कुणी केले नाही. तीच अट पुढच्या विधेयकाला जोडण्याऐवजी तारीख काढून टाकली, तिच्या जागी प्रगतीचे निकष आले, आणि २५ मे रोजी बुश यांनी सही केली. त्याआधी १६ मे रोजी पैसा तोडण्याची फाइनगोल्ड यांची दुरुस्ती सिनेटमध्ये २९ विरुद्ध ६७ मतांनी पडली होती. 'आघाडीवरच्या पोरांना तुम्ही वाऱ्यावर सोडता' या आरोपाची धास्ती सगळ्यांनी घेतली होती.

तो आरोप खोडणे अवघड नाही. सुखरूप माघार, सैनिकांचे संरक्षण, कैद्यांची सुटका यांवरचा खर्च बंदीतून वगळायचा, की तो तिथेच गळून पडतो. सोमालियाच्या वेळी तेच झाले. १९९३ च्या ऑक्टोबरात मोगादिशूत १८ अमेरिकी सैनिक मारले गेल्यावर सिनेटर रॉबर्ट बर्ड यांच्या कलमाने ३१ मार्च १९९४ नंतरचा पैसा तोडला. ते कलम संरक्षण खात्याच्या वार्षिक विनियोजनातच होते, त्यात वकिलातीच्या आणि नागरिकांच्या रक्षणाची सूट होती, आणि सिनेटने ७६ विरुद्ध २३ मतांनी ते मंजूर केले. सैन्य मुदतीच्या काही दिवस आधीच बाहेर पडले.

आपले दैनिक अमेरिकेतही वाचले जाते, म्हणून शेवटचे तिथल्या मराठी मतदारांसाठी. विशेषतः न्यू जर्सीतल्या, कारण क्लिफर्ड केस याच राज्याचे सिनेटर होते. आपल्या प्रतिनिधीच्या कचेरीत फोन कराल तेव्हा 'युद्धाला विरोध करा' एवढेच सांगून ठेवू नका. तसा विरोध भाषणात करून विधेयकाला होकार देणारे पुष्कळ आहेत. विचारा, की बंदीचे कलम सुट्या ठरावात आहे, की ३० सप्टेंबरच्या आतल्या संरक्षण विनियोजनात वा तात्पुरत्या तरतुदीत? त्यात 'हा किंवा इतर कोणताही कायदा' हे शब्द आहेत का? खात्यांमध्ये पैसा वळवण्याच्या अधिकाराचे काय? आणि राष्ट्राध्यक्षाने पहिले विधेयक नाकारले, तर तेच कलम दुसऱ्या विधेयकाला जोडण्याच्या बाजूने तुम्ही मत देणार का? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे कचेरीतला कर्मचारीही देईल. चौथ्याचे उत्तर खुद्द प्रतिनिधीकडून लेखी मागा.

आपला,
विधिमंडळीय अर्थव्यवहाराचा एक अभ्यासक, पुणे